पीक संरक्षण सोसायटीची पट्टी भरावी का? एका सभासदाचा अनुभव, हॉब्जच्या सोबतीने

आमच्या शिवारात यंदा बऱ्याच जणांनी जमीन नफ्याने, म्हणजे भाडेपट्ट्याने, करायला घेतली आहे. त्यातल्या काहींनी मला एकच गोष्ट विचारली: पीक संरक्षण सोसायटीची पट्टी भरायची की नाही? गावात पोलीस पाटील आहेत, तालुक्याला पोलीस ठाणं आहे, शेतात सालदार आहे, मग राखणीचे वेगळे पैसे कशासाठी? मी जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात केळी करते आणि कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. सासऱ्यांचे गुडघे गेल्यापासून शेताचं सगळं माझ्याकडे आहे. त्यामुळे पावती फाडणाऱ्यापासून ते रात्री बांधावर शिट्टी वाजवणाऱ्यापर्यंत ही सेवा मी जवळून पाहिली आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. पट्टी भरा, पैसे वाया जात नाहीत. सेवेत दोन मोठे दोष मात्र आहेत, आणि तेही इथे मोकळेपणाने लिहिणार आहे.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात अनेक गावांना अशी सहकारी सोसायटी असते. शेतकरी एकरी ठरलेली पट्टी भरतात. त्या पैशातून सोसायटी रखवालदार ठेवते. ते दिवसरात्र शिवार फिरतात, मोकाट गुरं अडवतात आणि कोंडवाड्यात घालतात, केळीचे घड, विहिरीवरची केबल, स्टार्टर, ठिबकच्या नळ्या यांच्या चोऱ्यांवर नजर ठेवतात. नुकसान झालंच तर पंचनामा होतो. आमच्या सोसायटीत त्या पंचनाम्यावर थोडीफार भरपाईही मिळते, ती पूर्ण नुकसानीची कधीच नसते. माझी एका एकराची वर्षाची पट्टी दोन चांगल्या घडांच्या पैशांत भागते. किमतीबद्दल माझी कुठलीच तक्रार नाही.

वर्गात राज्यसंस्थेचा धडा सुरू झाला की मी मुलांना थॉमस हॉब्ज या इंग्लिश तत्त्वज्ञाबद्दल सांगते. आमच्या शिवारात जे घडलं ते समजून घ्यायला मला सगळ्यात जास्त मदत त्याचीच झाली. हा माणूस १५८८ साली इंग्लंडमधल्या माम्सबरी गावाजवळ जन्मला. स्पेनचं आरमार चालून येणार या बातमीने तेव्हा सगळा देश घाबरलेला होता. म्हातारपणी लॅटिनमध्ये लिहिलेल्या पद्य आत्मचरित्रात तो म्हणतो की आईला जुळं झालं, एक मी आणि दुसरी भीती. पुढे १६४२ पासून राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली, १६४९ च्या जानेवारीत पहिल्या चार्ल्स राजाचं मुंडकं उडवलं गेलं. हॉब्ज तेव्हा पॅरिसमध्ये होता. तिथे बसून त्याने लिहिलेला ‘लेव्हायथन’ हा ग्रंथ १६५१ साली लंडनला छापून निघाला.

त्यातलं तेरावं प्रकरण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा एका जागी थांबले. सगळ्यांवर वचक ठेवणारी एकही सत्ता नसेल तर माणसाचं आयुष्य कसं होईल, हे तो तिथे सांगतो. पुढचं ‘एकाकी, दरिद्री, ओंगळ, पाशवी आणि अल्पायुषी’ हे वाक्य सगळ्या गाईडांमध्ये असतं. मी थांबले ती त्याच्या आधीच्या ओळीवर. अशा स्थितीत उद्योगाला जागा उरत नाही, कारण कष्टाचं फळ हाती लागेल याची खात्री नसते, आणि म्हणून जमिनीची मशागतही होत नाही, असं तो म्हणतो. त्याला विद्या, कला, जहाजं, मोठ्या इमारती या सगळ्यांबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात तो शेतापासून करतो.

केळीचं पीक ज्यांनी केलंय त्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. लागवडीपासून कापणीपर्यंत जवळपास वर्ष जातं. रोपं, खत, ठिबक, वाऱ्याला आधार, थंडीत करपा, उन्हाळ्यात तापीच्या या काठचं ते ऊन, आणि एवढं सगळं होऊन खोड असतं पाण्याने भरलेलं, मऊ. विळ्याच्या एका घावात आडवं होतं. हॉब्ज म्हणतो की माणसं मुळात बरोबरीची आहेत, कारण अगदी दुबळा माणूसही लपूनछपून किंवा चार जणांना सोबत घेऊन सगळ्यात बलवानाला मारू शकतो. पन्नास हजार खोडं असलेला बागायतदार आणि दोन हजार खोडं असलेला अल्पभूधारक यांची बरोबरी आमच्याकडे अशीच होते. अंधारात एक विळा दोघांनाही सारखाच भारी पडतो.

आमच्या शेजारच्या गटात हे घडलं. निसवायला, म्हणजे घड बाहेर पडायला, आलेली केळी, एका रात्रीत काही ओळी कापून टाकलेल्या. सकाळी आम्ही सगळे बांधावर उभे होतो. शेत ज्यांचं, ते नाना काही बोलत नव्हते, पडलेल्या खोडांमधून फक्त चालत होते. त्यांच्या सूनबाई मोठ्याने रडत होत्या. घड चोरीला गेला असता तर निदान कोणाच्या तरी पोटात गेला असता. इथे कापणाऱ्याच्या हाती काहीच लागलं नव्हतं.

माणसं भांडतात त्याची तीन कारणं हॉब्जने सांगितली आहेत. पहिलं लाभ, दुसरं एकमेकांवरचा अविश्वास, तिसरं मानापमान. मानापमानाबद्दल लिहिताना तो म्हणतो की एखादा शब्द, एखादं हसू, वेगळं मत, इतक्या क्षुल्लक गोष्टींवरून माणसं हातघाईवर येतात. नानांच्या केळीला तिसरं कारण लागू पडतं. बांधाचं जुनं भांडण असेल, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतला राग असेल, लग्नाच्या पंगतीत कोणाला तरी कमी लेखलं गेलं असेल. कापणारा आजपर्यंत सापडलेला नाही, म्हणून मी यापुढे काही बोलत नाही.

त्यानंतरचे दिवस मला जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण दुसरं कारण तेव्हा कामाला लागलं. ज्याच्या-त्याच्या डोक्यात एकच, आज नाना, उद्या आपण. माणसं शेतात झोपायला जाऊ लागली. कोणी कुऱ्हाड घेऊन, कोणी लोखंडी पाईप घेऊन. मोटारीसाठी लाईट आमच्याकडे आठवड्याआड रात्रीची असते, त्यामुळे पाण्याला रात्री जावंच लागतं. माझे चुलत दीर असेच स्टार्टर दाबायला निघाले आणि शेजारच्या दोघांनी त्यांना चोर समजून घेरलं. बॅटरी तोंडावर मारली म्हणून वाचले. त्या दिवसांत दुसरं एकही खोड कापलं गेलं नव्हतं, कोणी कोणाला मारलेलंही नव्हतं. तरी गाव लढाईत होतं. लढाई म्हणजे प्रत्यक्ष मारामारीच असं नाही, असं हॉब्ज लिहितो. खराब हवा म्हणजे एक-दोन सरी नसतात, बरेच दिवस पावसाचा कल टिकून असतो, तसंच हे, हा त्याचाच दाखला. मला तो वर्गात शिकवताना कधी इतका खरा वाटला नव्हता.

मग मारुतीच्या पारावर बैठक झाली. सोसायटीच्या संचालकांनी सांगितलं की रात्रीच्या पाळीत माणसं वाढवतो, नाल्याकडच्या वाटेवर कायमचा मुक्काम ठेवतो, रखवालदारांनी कुठल्या गटावर किती वाजता फेरी मारली याची वही ठेवतो. बदल्यात एक अट होती. कोणीही हत्यार घेऊन शेतात झोपायचं नाही, संशयित दिसला तर शिट्टी द्यायची, हात टाकायचा नाही. बरीच वादावादी झाली. ‘ते झोपले तं?’ असं कोणीतरी ओरडलंसुद्धा. पण शेवटी लोक तयार झाले. हॉब्ज ज्याला करार म्हणतो तो हाच. तू तुझं हत्यार खाली ठेव, मी माझं ठेवतो, आणि दोघांच्या वतीने राखण करायचा अधिकार आपण तिसऱ्याला देऊ. एकट्याने ठेवायला तोही सांगत नाही. दुसरा तयार असेल तरच आपणही तयार व्हावं, हे त्याचं म्हणणं आहे, आणि बैठकीत प्रत्येक जण नेमकं हेच बोलत होता.

काही आठवड्यांत लोक घरी झोपायला लागले. ही सेवा जोखायची झाली तर मी हेच माप लावते. किती चोर पकडले हा आकडा मला फारसा काही सांगत नाही. माझ्या घरातला पुरुष किंवा मी स्वतः रात्री अंथरुणावर आहोत की बांधावर, यावरून मला राखण कळते. त्या मापाने आमची सोसायटी उत्तम आहे. स्टार्टर आणि केबलच्या चोऱ्या पूर्ण थांबलेल्या नाहीत, त्या थांबतील असंही मी कोणाला सांगणार नाही. पण चोरी झाली की सकाळी आठच्या आत माणूस पंचनाम्याला येतो, आणि त्या कागदावर पोलिसांत तक्रार द्यायला सोपं जातं. पिकाला पाणी देताना रात्री दोनदा तरी शिट्टी ऐकू येते. एकट्या बाईला शेतात त्या शिट्टीचा किती आधार वाटतो, हे मी इथे मुद्दाम नोंदवते, कारण सभेत हे बोलणारं कोणी नसतं.

‘लेव्हायथन’च्या पहिल्या पानावर अब्राहम बॉस याने कोरलेलं एक चित्र आहे. डोंगरांच्या मागून एक प्रचंड राजा उभा राहिलाय. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात धर्मगुरूचा दंड, खाली गावं, शेतं आणि एक शहर. जवळून पाहिलं की त्याचं अंग आणि हात शेकडो छोट्या माणसांचे बनलेले दिसतात, सगळ्यांची पाठ आपल्याकडे आणि तोंडं राजाकडे. मुलांना हे चित्र फार आवडतं. मी त्यांना नेहमी विचारते की यातली तलवार कोणाच्या हातात आहे? ती मुलं सांगतात, राजाच्या. आमच्या शिवारात तलवारीच्या जागी एक काठी आणि एक बॅटरी आहे, आणि ती ज्याच्या हातात आहे तो सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून आलेला तडवी भिल्ल समाजातला माणूस आहे. तो सायंकाळी सातला येतो आणि उजाडल्यावर जातो.

आता पहिला दोष. या माणसांचा पगार वेळेवर होत नाही. दोन-दोन महिने थकतो. कारण दिलं जातं की पट्टी वसूल झाली नाही. पेट्रोल त्यांच्या खिशातलं, बॅटरीचे सेलही बऱ्याचदा त्यांचेच. आमच्या बाजूच्या रखवालदारभाऊंना मी एकदा विचारलं की मग तुम्ही येता कसे? ते म्हणाले, “मॅडम, पगार नही तं रातचं कायले फिरू, असं वाटतं. पण नही फिरलो अन् तेच राती काही झालं, तं नाव माह्यावरच येईल.” हे ऐकून मला रात्री झोप लागली नाही. आम्ही ज्याच्या भरवशावर निर्धास्त झोपतो तो स्वतः भीतीपोटी फिरतोय, आणि ती भीती चोराची नाही, आमची आहे.

हॉब्जला लोक कठोर म्हणतात. सत्तेच्या बाजूने बोलणारा म्हणून तो प्रसिद्ध आहे. पण तिसाव्या प्रकरणात, राज्यकर्त्याची कर्तव्यं सांगताना, तो करांबद्दल जे लिहितो ते आमच्या संचालक मंडळाने भिंतीवर लावावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. लोकांवर बसवलेला कर म्हणजे, त्याच्या मते, लोक आपापला धंदा करत असताना त्यांच्या रक्षणासाठी सार्वजनिक तलवार धरून उभ्या असलेल्यांची मजुरी. पट्टी म्हणजे मजुरी. ती आधी रखवालदाराची आहे, मग कार्यालयाच्या रंगरंगोटीची आणि वार्षिक सभेतल्या नाश्त्याची. ज्या वर्षी वसुली कमी होईल त्या वर्षी दुसरा कुठलाही खर्च थांबवा, हा थांबवू नका.

खानदेशाने याची किंमत एकदा मोजलेली आहे. या भागातल्या अनेक भिल्लांकडे पूर्वी गावच्या राखणीचं काम होतं आणि त्याबद्दल गावाकडून मिळणारे हक्क होते. १८०२ साली होळकरांच्या फौजेने प्रांत लुटला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला, गावं ओस पडली. देणारंच कोणी उरलं नाही तेव्हा हक्क बुडाले, आणि राखण करणारे हात लुटीकडे वळले. १८१८ ला इंग्रज आले, त्यांनी आधी डोंगरात फौजा पाठवून पाहिल्या. दहशतीने काम भागलं नाही. शेवटी १८२५ साली जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला होतं. इंग्रजांनी हे आपल्या राज्यासाठी केलं, त्यांचा गौरव करायचा माझा हेतू नाही. पण ज्यांचा पगार सुरू झाला त्यांच्याच हातून बंदोबस्त झाला, एवढं त्यातून स्पष्ट दिसतं. राखणदाराचा हक्क बुडवून राखण टिकत नाही, हे आपल्या मातीत घडून गेलेलं आहे.

दुसरा दोष कोंडवाड्याचा. मोकाट गुरांसाठी कायदा १८७१ पासून आहे. पिकात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात घालायचं, दंड आणि चारापाण्याचा खर्च भरला की मालकाने सोडवून न्यायचं. गावाच्या कडेला राहणाऱ्या एका मावशींची गाय हरभऱ्यात शिरली तर तासाभरात ती कोंडवाड्यात होती, आणि दंड भरायला मावशींनी उसनवारी केली. त्याच हंगामात एका पदाधिकाऱ्याच्या नात्यातल्या म्हशी मक्यात शिरल्या, त्या नुसत्या हाकलून दिल्या गेल्या. पावती नाही, वहीत नोंद नाही. हे मी स्वतः पाहिलं आहे आणि संचालकांना लेखी दिलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखा न्याय मिळाला पाहिजे, हे हॉब्जने त्याच तिसाव्या प्रकरणात राज्यकर्त्याचं काम म्हणून सांगितलंय, आणि त्याचं कारण तो व्यवहारातलं देतो: मोठ्यांना सूट मिळाली की त्यांचा माज वाढतो, माजातून द्वेष आणि द्वेषातून बंड. मला तर वाटतं की पुढच्या वेळी कोणाची केळी कापली गेली तर त्याचं बी अशाच एखाद्या न फाडलेल्या पावतीत सापडेल.

याला जोडूनच गवताच्या भाऱ्यांचा प्रश्न आहे. भूमिहीन घरातल्या बायका बांधावरचं गवत कापून नेतात. रखवालदार त्यांचे भारे रस्त्यात सोडायला लावतात, आत केळीच्या फण्या लपवल्यात का बघायला. कधी विळा काढून घेतात. बांधावरचं गवत नेऊ नये असा नियम सोसायटीने कुठेच लिहिलेला नाही. नियम करण्याआधी घडलेल्या गोष्टीसाठी दिलेला त्रास ही शिक्षा होत नाही, तो वैराचा प्रकार आहे, असं हॉब्ज अठ्ठाविसाव्या प्रकरणात लिहितो. ज्या भीतीला तो राज्याचा पाया मानतो ती ठरलेल्या, जाहीर केलेल्या कायद्याची भीती आहे. कोणाला, कधी, कशासाठी अडवतील याचा पत्ताच नसेल तर त्या बायकांसाठी शिवारात सोसायटी असून नसल्यासारखीच. मी सुचवलंय की नियम फलकावर लिहा, आणि भारा तपासायचाच तर नाक्यावर, एखाद्या शेतकरी बाईसमोर तपासा. दोन संचालकांना पटलं आहे.

पट्टी न भरणाऱ्यांबद्दल थोडं. आमच्याकडे एक मोठे बागायतदार आहेत, त्यांनी कॅमेरे लावले, स्वतःची माणसं ठेवली आणि पट्टी बंद केली. त्यांच्या माणसांनी हाकललेली गुरं शेजारच्या लहान शेतकऱ्याच्या कपाशीत शिरतात. त्यांचा मुख्य रस्ता मात्र सोसायटीचेच रखवालदार राखतात. सगळे करार पाळत असताना आपण तो मोडला तर आपलाच फायदा, असं मनात म्हणणाऱ्याला हॉब्ज मूर्ख म्हणतो. अशा माणसाला लोक एकदा ओळखतात आणि मग अडचणीत जवळ करत नाहीत, हा त्याचा युक्तिवाद. आमचे हे काका तसे मनाने वाईट नाहीत, मुलांच्या शिक्षणाला मदत करतात. त्यांच्याशी बोलताना मला एवढंच सांगायचं असतं की रक्षणाचं देणं सगळ्यांवर आहे, आणि ज्याची जमीन जास्त त्याचं रक्षणही जास्त होतं. एकरी पट्टी ही त्याच हिशेबाने न्याय्य आहे.

एका ठिकाणी मी हॉब्जची सोबत सोडते, आणि सोसायटीची बाजू त्याच्याहून सरस मानते. त्याच्या करारात राजा सामील नसतो. लोक आपसात करार करतात आणि सत्ता त्याला देतात, मग तो कराराला बांधील राहत नाही, त्याला हिशेब विचारायचा अधिकार कोणालाच नाही. यादवीत होरपळलेल्या माणसाला असं वाटलं हे मी समजू शकते. पुन्हा भांडणं सुरू होण्यापेक्षा एकच मालक परवडला, असं त्याला मनापासून वाटत होतं. पण त्याच्यानंतर जॉन लॉक या दुसऱ्या इंग्लिश तत्त्वज्ञाने १६८९ साली विचारलं की रानमांजर आणि कोल्ह्यापासून जपणारी माणसं सिंहाच्या तोंडी जाणं सुरक्षित मानतील एवढी मूर्ख आहेत का? आमच्या सोसायटीला हा प्रश्न लागू पडत नाही, कारण ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली चालते. एका सभासदाला एक मत, मग जमीन कितीही असो. दरवर्षी लेखापरीक्षण. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सभा. आमच्या पाराखाली जो राजा बसलाय त्याला वर्षातून एकदा आपल्यासमोर उभं राहून खर्च वाचून दाखवावा लागतो. ही सोय हॉब्जच्या राज्यात नव्हती.

ती वापरली जात नाही, हे खरं दुखणं आहे. गेल्या सभेला कोरम भरायला वेळ लागला. मग सभा तहकूब करून पुन्हा भरवली, अहवाल वाचल्यासारखा वाचला आणि मंजूर-मंजूर झालं. बायका म्हणून मी आणि अजून एक विधवा सभासद, एवढ्याच. मी पगाराच्या थकबाकीबद्दल विचारलं तेव्हा मागून कोणी म्हणालं, “वहिनी, कापूस वेचायचाय, आवरा.” मी आवरलं नाही. उत्तर मिळालं की पुढच्या बैठकीत बघू.

आणि तरीही भरा म्हणते, याचं कारण हॉब्जच्याच एका मर्यादेत आहे. प्रजेने सत्तेचं कुठवर ऐकायचं, तर ती रक्षण करू शकते तोवर, असं तो एकविसाव्या प्रकरणात सरळ सांगतो. रक्षण संपलं की बांधिलकी संपली. आमच्या सोसायटीचं रक्षण संपलेलं नाही. रात्री शिट्टी वाजते, पंचनाम्याला माणूस येतो, लोक घरी झोपतात. ज्या दिवशी हे थांबेल त्या दिवशी मी पट्टी बंद करेन आणि तसं इथे लिहीनही. आज पाचपैकी साडेतीन तारे देते. पगार दर महिन्याला झाला आणि कोंडवाड्याची वही सगळ्यांना बघायला खुली झाली तर उरलेलेही देईन.

नव्याने जमीन करणाऱ्यांसाठी कामाच्या काही गोष्टी. पट्टी कार्यालयात जाऊनच भरा, बांधावर कोणाच्या हातात रोख देऊ नका. पावतीवर गट नंबर, क्षेत्र आणि पीक लिहून घ्या. आमच्याकडे केळीच्या कांदेबागाची (पावसाळ्यानंतरची) लागवड झाल्यावर एकदा आणि मृगबागाची (पावसाळ्याच्या सुरुवातीची) झाल्यावर एकदा नोंद करतात, तुमचं क्षेत्र वहीत चढलंय का ते स्वतः बघा. तुमच्या बाजूच्या रखवालदाराचा फोन नंबर घ्या आणि लाईट रात्रीची असेल त्या आठवड्यात त्यांना आधी कळवा की अमुक वेळेला मी मोटारीवर येतोय. नुकसान झालं तर काहीही न हलवता आधी फोटो काढा, मग सोसायटीला कळवा. नफ्याने करणाऱ्यांनी मालकाचं संमतिपत्र जोडून पावती स्वतःच्या नावावर करून घ्यावी, कारण भरपाई पावतीवर नाव असलेल्यालाच मिळते. सभासद मात्र जमिनीचा मालकच राहतो, सभेत मतही त्याचंच. तेव्हा मालक पुण्याला किंवा सुरतला राहत असतील तर सप्टेंबरच्या सभेची तारीख त्यांना आत्ताच कळवून ठेवा, आणि रखवालदारांच्या पगाराचा प्रश्न त्यांच्याकडून लेखी पाठवून घ्या. सभेच्या आधी आलेला लेखी प्रश्न आमच्याकडे इतिवृत्तात घ्यावा लागतो.